कापलेला कर आणि जोडायचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर पुस्तपालन शिकवले आणि निवृत्तीनंतर दर जून-जुलैत याच वाचनालयात बसून लोकांची आयकर विवरणपत्रे विनामोबदला भरून दिली. त्यांचे अनेक विद्यार्थी आज समोर बसले आहेत. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, विज्ञान असे विषय होतात. मी पगारातून कापल्या जाणाऱ्या कराबद्दल आणि तरीही वर्षअखेरीस अचानक येणाऱ्या कराच्या मागणीबद्दल बोलणार आहे. गुरुजींच्या स्मृतीला हा विषय शोभतो, असे मला मनापासून वाटते.

मी कर सल्लागार म्हणून काम करते. जुलै आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "आमचा टीडीएस तर दर महिन्याला कापला जातो, मग हे पुन्हा कसले पैसे?" विचारणारी माणसे करचुकवी नसतात. त्यांनी काही लपवलेले नसते. त्यांच्या फॉर्म १६ वर कापलेल्या कराचा आकडा स्वच्छ छापलेला असतो. तरीही साठ, सत्तर, ऐंशी हजारांची रक्कम निघते आणि वर व्याज लागते. मुलाच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्यात जातात. घरात वाद होतात. नवरा बायकोला विचारतो, "तू सांगितलं का नाहीस?" आणि तिला तर मुळात काय सांगायचे होते, हेच कोणी सांगितलेले नसते. हे का होते आणि कसे टाळता येते, ते आज आपण समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण पगारातून कर कापण्याची पद्धत कोणत्या हेतूने आली, हे कळल्याशिवाय ती कुठे चुकते ते कळणार नाही. भारतात आयकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो लावला. आजही २४ जुलै हा आयकर दिन म्हणून पाळला जातो. विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले, पण कर राहिला. पगार देतानाच कर कापून घेण्याची तरतूद १९२२ च्या कायद्यात होती आणि १९६१ च्या कायद्यातही कलम १९२ म्हणून ती आली.

अमेरिका-ब्रिटनमधल्या सामान्य कामगारापर्यंत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती मात्र दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत तेव्हा आदल्या वर्षाच्या कमाईवरचा कर चालू वर्षात भरावा लागे. कमाई चालू असेपर्यंत ते निभायचे. पण माणूस निवृत्त झाला किंवा सैन्यात गेला की घटलेल्या पैशातून जुन्या पगाराचा कर भरायची वेळ यायची. मेसीज या दुकानाचे खजिनदार बियर्ड्सली रमल यांनी यावर योजना मांडली : कमाई हातात येईल तेव्हाच कर जावा. १९४३ मध्ये तसा कायदा झाला, १ जुलैपासून पगारातून कपात सुरू झाली आणि जुन्यातून नव्याकडे जाताना एका वर्षाच्या कराचा बराचसा भाग माफ केला गेला. ब्रिटनमध्ये १९४४ च्या एप्रिलपासून 'पे ॲज यू अर्न' ही पद्धत आली. अर्थमंत्री किंग्सली वुड ज्या दिवशी ती संसदेत जाहीर करणार होते, त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

युद्धासाठी सरकारला पैसा हवा होता, हे खरेच. पण या पद्धतीत माणसाची काळजीही होती. कर भरायला पैसे हातात असतील तेव्हाच तो जावा आणि वर्षअखेरीस डोक्यावर बोजा राहू नये, हा तिचा हेतू. म्हणून मी म्हणते की अचानक येणारे बिल ही नुसती गैरसोय नाही. ज्या कामासाठी कपात आली, तेच काम तिथे फसलेले असते.

ते कसे फसते? कायदा मालकाला सांगतो : कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज करा, त्यावर सरासरी दराने कर काढा आणि दर महिन्याला तेवढा कापा. मालकाला दिसतो तो त्याने दिलेला पगार. बँकेला दिसते तिने दिलेले व्याज. शेअर विकले तर निवासी भारतीयाच्या नफ्यातून कोणीच काही कापत नाही. आणि कर मात्र या सगळ्याच्या बेरजेवर, चढत्या दराने लागतो. कापणारे अनेक, प्रत्येकाच्या हातात एक तुकडा. बेरीज होते ती विवरणपत्र भरताना, म्हणजे वर्ष संपल्यावर.

काही उदाहरणे घेऊ. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या कर प्रणालीचे धरते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. मी ओळखीची, जुनीच नावे वापरते.

पहिले उदाहरण नोकरी बदलण्याचे. पुण्यात, हिंजवडी-खराडीच्या पट्ट्यात हे घरोघरी घडते. एक तरुणी महिना दीड लाख पगारावर आहे. एप्रिल ते सप्टेंबर एका कंपनीत, ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत, पगार तोच. वर्षाचा पगार १८ लाख, ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १७.२५ लाख. त्यावर कर १,४५,००० आणि ४ टक्के उपकर धरून १,५०,८००. पहिल्या कंपनीने ती वर्षभर राहील असे धरून दर महिन्याला बरोबर हिश्शाने कापले, सहा महिन्यांत ७५,४०० गेले. दुसऱ्या कंपनीने काय पाहिले? सहा महिन्यांचा ९ लाख पगार. वजावटीनंतर ८.२५ लाख. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य, म्हणून कपात शून्य. ऑक्टोबरपासून हातात येणारा पगार वाढला, घरात आनंद झाला, नव्या घराचा हप्ता त्याच आकड्यावर ठरला. जुलैमध्ये ७५,४०० रुपये निघाले. शिवाय आगाऊ कर वेळेवर न भरल्याचे दोन कलमांखालचे व्याज, तेही पावणेसात हजारांच्या आसपास.

कोणी चूक केली? पहिल्या कंपनीने नाही. दुसऱ्या कंपनीनेही कायद्याप्रमाणेच केले. त्या मुलीने फॉर्म १२बी भरून जुन्या पगाराचा आणि जुन्या कपातीचा तपशील नव्या कंपनीला दिला असता, तर उरलेल्या सहा पगारांतून तेवढाच कर सावकाश गेला असता. पण रुजू होताना जे पंचवीस कागद पुढे येतात, त्यांत हा अर्ज अनेकदा नसतो. असला तर तो कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये नोकरी सोडताना पी४५ नावाचा कागद मिळतो. तोवरचा पगार आणि तोवरचा कर त्यावर लिहिलेला असतो आणि नवा मालक तिथून पुढे हिशेब चालवतो. आपल्याकडे मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत घालताना शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तसाच हा कराचा दाखला. आपल्या व्यवस्थेत तो नेण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे. ती असायला हरकत नाही, पण ती आहे हे त्याला कळायला हवे.

दुसरे उदाहरण मुदत ठेवींचे. मराठी मध्यमवर्गाचा विश्वास अजूनही एफडीवर आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्याज मिळाले, तर बँक १० टक्के कर कापते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा एक लाख आहे. आता एखाद्याचे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे आणि व्याज आहे १,२०,०००. बँकेने कापले १२,०००. प्रत्यक्ष कर उपकरासह २४,९६०. म्हणजे १२,९६० बाकी. कपातीनंतर १०,००० किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, तेव्हा इथेही व्याज सुरू. दुसरा माणूस आणखी सावध. त्याने पैसे तीन बँकांत वाटून ठेवले. प्रत्येकीकडून ४५,००० व्याज. एकाही बँकेने काही कापले नाही. व्याज १,३५,००० आणि कर २८,०८०. "बँकेने कापला नाही म्हणजे लागत नाही," अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

यात गावोगावच्या पतसंस्थाही आल्या. छोट्या पतसंस्था सभासदाला ठेवीवर जे व्याज देतात, त्यातून साधारणपणे टीडीएस कापावा लागत नाही. पण ते व्याज करपात्र आहे. दिवाळीला पतसंस्थेतून ठेव वाढवून आणणाऱ्या किती शिक्षकांना हे ठाऊक आहे?

तिसरे उदाहरण सांगताना मला दरवेळी जड जाते. पती-पत्नी दोघेही महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांनाही निवृत्तिवेतन. पतीचे निधन झाले आणि पत्नीला स्वतःच्या पेन्शनबरोबर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. तिची पेन्शन महिना ७०,००० धरा, कुटुंब निवृत्तिवेतन ५०,०००. तिची स्वतःची पेन्शन वर्षाला ८.४० लाख, त्यावर कर निघत नाही, म्हणून बँक काही कापत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन कायद्याने 'पगार' या सदरात मोडतच नाही, ते 'इतर उत्पन्न' आहे, म्हणून त्यातूनही बँक पगारासारखी कपात करत नाही. दोन्ही रकमा एकाच बँकेत, एकाच पॅनवर येत असल्या तरीही. बेरीज १४.४० लाख. ७५,००० आणि २५,००० अशा दोन वजावटी गेल्या की १३.४० लाख. कर ८४,२४०. वय ६० च्या वर असल्याने आणि व्यवसायाचे उत्पन्न नसल्याने आगाऊ कराच्या बंधनातून ती मुक्त आहे, तेव्हा ते व्याज लागत नाही. पण ८४,२४० रुपये एकदम समोर येतात आणि तेही पती गेल्याच्या पहिल्याच वर्षी, आणि घरातला कागद न् कागद तर तोच पाहत असे. तिला वाटते आपल्या हातून काहीतरी गैर घडले. तिच्या हातून काहीही गैर घडलेले नसते.

चौथे उदाहरण नव्या पिढीचे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य सर्वतोमुखी झाले. पगार १० लाख असलेल्या मुलाने मोबाइलवरून शेअर घेतले-विकले, वर्षाच्या आतला नफा ८०,०००. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, म्हणून तो निर्धास्त. पण या नफ्यावर २० टक्के विशेष दराने कर लागतो आणि नव्या प्रणालीतली ती सवलत अशा विशेष दराच्या करावर मिळत नाही. त्याला १६,६४० भरावे लागतात. पगारावरचा कर शून्य, कपात शून्य आणि तरी बिल.

सरकारी कर्मचाऱ्यांना थकबाकीची गोष्ट सांगायला नको. सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी राज्यात २०१९ नंतर हप्त्याहप्त्याने मिळाली. मागच्या वर्षांचे पैसे एका वर्षात आले की ते वर्ष वरच्या टप्प्यात जाते. त्यावर कलम ८९ चा दिलासा आहे, पण त्यासाठी फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला की दिलासा नाकारल्याची सूचना येते आणि मागणी उभी राहते. कार्यालयातल्या एका जाणकार लिपिकाने वेळेवर आठवण केली, तर सगळ्या विभागाचे पैसे वाचतात. असे लिपिक मी पाहिले आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे.

आता घराकडे वळू. आपल्याकडे करापुरता 'कुटुंब' हा घटक नसतो. हिंदू अविभक्त कुटुंब सोडले, तर प्रत्येक व्यक्तीचा हिशेब स्वतंत्र. पण पैसा घरात एकत्र फिरतो. नवरा स्वतःच्या पैशातून बायकोच्या नावे ठेव ठेवतो. बँक व्याज तिच्या पॅनवर नोंदवते. कायदा मात्र म्हणतो की जोडीदाराला भेट दिलेल्या पैशावरचे उत्पन्न देणाऱ्याचेच. अल्पवयीन मुलाच्या नावच्या ठेवीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचे. गोव्यात नियम आणखी वेगळा. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून आयकर कायद्याचे कलम ५ए पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटते. म्हापशातल्या घरात व्याज पतीच्या नावे आले, टीडीएस त्याच्या पॅनवर गेला, तरी निम्मे उत्पन्न पत्नीचे. विवरणपत्रात त्यासाठी वेगळे परिशिष्ट आहे, ते सुटले की दोघांचेही हिशेब अडकतात.

यामुळे एक गोष्ट मी दरवर्षी पाहते. बाईच्या नावे मागणीची सूचना येते आणि त्या ठेवीबद्दल तिला काही माहीतच नसते. तिची सही असते, पॅन तिचा असतो, पासवर्ड मात्र दुसऱ्याच्या हातात. घरातल्या कराचा प्रश्न हा अशा वेळी घरातल्या मानाचा प्रश्न होतो. ज्या कागदावर माझे नाव आहे, तो मला वाचून दाखवला जावा, एवढी अपेक्षा प्रत्येक स्त्रीने ठेवावी आणि प्रत्येक घराने ती पुरी करावी.

आपली जी मुले-सुना परदेशात आहेत, त्यांचीही कथा याहून निराळी नाही. अमेरिकेत पती-पत्नींना एकत्र विवरणपत्र भरता येते. न्यू जर्सीतले एक जोडपे घ्या, दोघांचा पगार प्रत्येकी १,२०,००० डॉलर. कपातीसाठी मालकाला डब्ल्यू-४ हा फॉर्म द्यायचा असतो. दोघांनीही त्यावर 'विवाहित, एकत्र विवरणपत्र' असे लिहिले, पण घरात दुसरी नोकरीही आहे हे सांगणारी दुसरी पायरी कोरी ठेवली. मग प्रत्येक मालक समजतो की घरात हा एकच पगार आहे आणि जोडप्याची पूर्ण प्रमाणित वजावट तोच देऊन टाकतो. ती दोनदा दिली जाते, खालचे दरही दोनदा लागतात. २०२४ च्या दरांनी दोघांची मिळून कपात होते सुमारे २०,८६४ डॉलर आणि त्यांचा खरा केंद्रीय कर ३६,६७७. एप्रिलमध्ये जवळजवळ १५,८०० डॉलर निघतात. २०२० मध्ये कपात अधिक अचूक व्हावी म्हणून तो फॉर्म नव्याने आखला गेला. पण फॉर्म कितीही चांगला असला, तरी नोकरीच्या पहिल्या दिवशी घाईत भरलेला कागद पुन्हा कोण पाहतो? लग्न झाले, जोडीदाराला नोकरी लागली, बोनसऐवजी कंपनीचे शेअर मिळू लागले, तरी तो जुनाच राहतो. त्यातच पुण्यातल्या एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते, अमेरिकेत ते करपात्र असते आणि त्यातून कोणीच काही कापत नाही.

सरकारांच्या हातूनही असे होते. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये करकायदा बदलला, २०१८ च्या सुरुवातीला कपातीचे तक्ते बदलले. दर महिन्याला हातात थोडे जास्त पैसे येऊ लागले, पण वैयक्तिक सूट गेली होती आणि राज्य व स्थानिक करांची वजावट १०,००० डॉलरवर थांबवली होती. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या जास्त कराच्या राज्यांत, जिथे आपली बरीच माणसे आहेत, त्याचा चटका बसला. तिथल्या संसदेच्या लेखातपासणी संस्थेने तेव्हाच अंदाज दिला होता की सुमारे तीन कोटी करदात्यांची कपात कमी पडेल. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये हिशेब जुळवताना १४ लाख लोकांनी सरासरी १,४२८ पौंड कमी भरल्याचे निघाले आणि ४३ लाखांनी जास्त भरल्याचे. नोकरीगणिक दाखला नेणाऱ्या देशात हे घडले.

पण पुढे काय झाले, तेही पाहा. अमेरिकेच्या कर विभागाने त्या वर्षापुरती दंडमाफीची अट शिथिल केली : एरवी ९० टक्के कर वर्षात भरलेला लागतो, तो आधी ८५ आणि मग ८० टक्क्यांवर आणला. ब्रिटनने ३०० पौंडांच्या आतली बाकी सोडून दिली. आमचे तक्ते, आमचे हिशेब यांमुळे तुम्ही अडचणीत आलात, हे सरकारने कृतीतून मान्य केले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता माझे म्हणणे मांडते. ज्याला आधी दिसते, त्याने आधी सांगावे. आपल्या करव्यवस्थेत आज माहितीची टंचाई नाही. प्रत्येक मालक आणि बँक दर तिमाहीला पॅननिशी कपातीचे विवरण भरते. ३१ जानेवारीपर्यंत तीन तिमाह्यांचा हिशेब विभागाकडे पोहोचलेला असतो. एकाच पॅनवर दोन कंपन्यांनी पगार दिला, त्यात एकीने काहीच कापले नाही, हे तेव्हा संगणकाला दिसत असते. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, करदात्यालाही पाहता येते. मार्च २०२४ मध्ये विभागाने आगाऊ कर कमी वाटणाऱ्या लोकांना संदेश पाठवण्याची मोहीम केली, ते पाऊल योग्य होते. तेच पाऊल ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत, पगारदारांसाठी आणि निवृत्तांसाठी, त्यांच्या भाषेत, मराठीत, पडावे. 'तुमच्या पॅनवर यंदा दोन नोकऱ्यांचा पगार आहे, नव्या मालकाला जुना तपशील द्या' एवढा एक संदेश पुरे. त्या मुलीचे पावणेसात हजार वाचले असते आणि सरकारलाही कर सहा महिने आधी मिळाला असता.

बँकेनेही हेच करावे. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना अनेक कागद मागितले जातात. त्यांत एक कागद बँकेने द्यावा : यातून कर कापला जाणार नाही, पण तो लागू शकतो.

आणि आपण काय करावे? कायद्याने आपल्या हातात बरेच काही दिले आहे. कलम १९२ मध्येच तरतूद आहे की कर्मचारी आपले व्याजासारखे इतर उत्पन्न मालकाला कळवू शकतो आणि मालक त्याप्रमाणे दर महिन्याला थोडे जास्त कापतो. ऑक्टोबर २०२४ पासून इतरत्र कापला गेलेला कर मालकाला कळवण्यासाठी १२बीएए हा अर्जही आला. व्याजाचे वर्षाला १२,९६० एकदम भरण्यापेक्षा महिन्याला १,०८० गेलेले कोणाला जड जाणार नाहीत.

म्हणून वर्षातून तीनदा घरातली सगळी मिळवती आणि पेन्शनवाली माणसे एकत्र बसावीत. एप्रिलमध्ये, जुनी प्रणाली की नवी हे ठरवून मालकाला लेखी कळवण्यासाठी, कारण २०२३-२४ पासून न सांगणाऱ्याला नवीच लागू होते. ऑक्टोबरमध्ये, प्रत्येकाचे २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण, आणि एआयएस उघडून बेरीज करण्यासाठी. आणि फेब्रुवारीत, १५ मार्चच्या आत राहिलेला आगाऊ कर भरण्यासाठी. जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांनी जानेवारीत गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे वेळेवर द्यावेत, नाहीतर वर्षाची सगळी तूट फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापली जाते आणि मार्चमध्ये हातात अर्धा पगारही येत नाही.

एवढे करूनही मागणी आलीच, तर घाबरू नका. आधी ती तपासा. मालकाने कर कापला आणि सरकारजमा केला नाही, तर तो कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. कलम २०५ तसे सांगते, मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते स्पष्ट केले आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या सूचनेत अधिकाऱ्यांना बजावले. पगाराच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात. हिशेबात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मागणी खरी असेल आणि एकदम भरणे शक्य नसेल, तर मुदत किंवा हप्ते मागता येतात. मागणे हा कमीपणा नाही, कायद्याने दिलेली सोय आहे.

या सभागृहात कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात, शाळांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या वेतन शाखेत, बँकांच्या पेन्शन टेबलावर काम करणारे अनेक जण असतील. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला विचारा, "यंदा याआधी कुठे पगार घेतलात? इतर उत्पन्न आहे का?" वारस पत्नीचा अर्ज हातात आला की तिला कराबद्दल चार वाक्ये सांगा. तुमच्या वेळेची ती पाच मिनिटे असतील, पण एखाद्या घराचे त्यामुळे ऐंशी हजारांचे संकट टळेल. आणि वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना सुचवते की गुरुजी जुलैमध्ये जे काम करत, ते आता ऑक्टोबरमध्ये करावे. एका रविवारी पाच-सहा जाणकारांनी इथे बसावे, लोकांनी आपापले २६एएस आणि एआयएस घेऊन यावे आणि बेरीज इथेच व्हावी. पहिल्या वर्षी त्या टेबलापाशी बसायला मी येईन, हा शब्द मी आज आपणा सर्वांसमोर देते.